निम्मी हकिकत

स्वतःच्या घराचा इतिहास लिहायला घेतलेला माणूस कधी ना कधी एखाद्या वर्षापाशी येऊन थबकतो. मी १९८२ पाशी थबकलो आहे. आजोबा कोकणातून मुंबईला आले, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून पाळीपाळीने झोपले. वडील बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभे राहिले आणि पुढे कायम झाले. आईचं लग्न, लालबागची चाळ, आम्हा भावंडांच्या शाळा, हे सगळं लिहून झालं. यानंतर १८ जानेवारी १९८२ ही तारीख येते. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही. आमच्यासारख्या हजारो घरांच्या इतिहासाचे त्या तारखेने दोन भाग केले, आणि त्यातला पहिला भाग माझ्या हातून पुरा झाला आहे.

घरातल्या मंडळींचं म्हणणं असं की, आता थांबू नकोस, सगळं पुरं कर आणि मग काय ते एकदाच दाखव. हा सल्ला प्रेमाने दिलेला आहे, तरी मला तो पटत नाही. खाजगी इतिहास लिहिणाऱ्याने असा टप्पा आला की थांबावं, तेवढाच भाग बाहेर काढावा आणि ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांच्या हातात द्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. पुरं होण्याची वाट पाहण्यात इतिहासाचं जे नुकसान होतं ते नंतर भरून निघत नाही.

आग्र्याच्या बनारसीदासाला हे पावणेचारशे वर्षांपूर्वी उमगलं होतं. १५८६ साली जौनपूरला जन्मलेला हा जैन व्यापारी. कापड आणि जवाहिऱ्याचा धंदा त्याने पुन्हा पुन्हा केला आणि बहुतेक वेळा त्यात खोट खाल्ली. १६४१ साली, वयाची ५५ वर्षं झाली असताना, त्याने स्वतःची हकिकत ६७५ पद्यांत लिहिली. माणसाचं पूर्ण आयुष्य ११० वर्षांचं, ही परंपरेची समजूत धरून त्याने ग्रंथाला नाव दिलं ‘अर्धकथानक’. म्हणजे टप्पा ठरवूनच तो थांबला. यात अकबराच्या मृत्यूची बातमी जौनपुरात येते आणि ती ऐकून हा तरुण जिन्यावरून कोसळतो, डोकं फोडून घेतो. आग्र्यात हातात दमडी नसताना कचोरीवाल्याकडे महिनोन्‌महिने उधारीवर जेवल्याचं तो लिहितो. नऊ मुलं झाली आणि नऊच्या नऊ गेली, हेही लिहितो. शेवटी आपले गुण आणि दोष यांची मोजदाद करून मोकळा होतो. दुसरा अर्धा भाग कधी आला नाही, कारण त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. त्याने ११० वर्षं पुरी होण्याची वाट पाहिली असती तर सतराव्या शतकातल्या एका साध्या व्यापाऱ्याच्या घरात काय चालत होतं, हे सांगणारा असा दुसरा कागद आपल्याला कुठे मिळाला असता?

मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. अर्ध्यावर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. शेवट ठाऊक असलेला माणूस नकळत सगळ्या घटना त्या शेवटाच्या दिशेने वळवतो. यश मिळालं असेल तर बालपणापासूनच त्याची चिन्हं दिसू लागतात. पराभव झाला असेल तर आधीच्या प्रत्येक सुखावर त्याची सावली पडते. बनारसीदासाच्या पानांवर असं काही होत नाही. आजचा दिवस आजच्याएवढाच राहतो.

आपल्याकडे याचं उलट्या दिशेचं उदाहरण महर्षी कर्व्यांचं आहे. ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झालं १९१५ साली, तेव्हा धोंडो केशव कर्वे ५७ वर्षांचे होते. हिंगण्याचा आश्रम उभा होता, महिला विद्यालय चालू होतं. ज्या कामाने त्यांचं नाव देशभर झालं ते महिला विद्यापीठ मात्र निघालं १९१६ मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या दुसऱ्या वर्षी. बनारसीदास निम्म्यावर आहोत असं समजून लिहीत होता आणि शेवटाजवळ आला होता. कर्वे सत्तावन्नाव्या वर्षी हिशेब मांडून बसले आणि पुढे आणखी ४७ वर्षं जगले. शताब्दीच्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं. १९३६ मध्ये त्यांनी इंग्रजीत पुन्हा आत्मकथन केलं, ते अर्थात विद्यापीठाच्या संस्थापकाचं होतं. पण सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला पोचलेला आणि ‘लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवलेला मुलगा भेटतो तो १९१५ च्या पुस्तकात, आणि तिथे त्याच्या मागे विद्यापीठाचा घुमट उभा नाही. मला तो मुलगा तिथे जास्त खरा वाटतो.

त्याच घराचा दुसरा इतिहासही आहे, आणि माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तोच आहे. देवरुखच्या गोदूबाई जोशी, आठव्या वर्षी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया झाल्या. लग्नानंतर कर्व्यांच्या मुरुड गावाने घातलेला बहिष्कार दोघांनीही सोसला. आश्रमासाठी बायांनीही पैसा गोळा केला. बायांनी आपली हकिकत सांगितली ती ‘माझे पुराण’ या नावाने १९४४ साली आली. कर्व्यांच्या लिखाणात संस्थेचा हिशेब अधिक आहे; बायांच्या लिखाणात संस्थेपायी घरावर काय आलं त्याचा हिशेब आहे. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एकाच छपराखाली दोन आयुष्यं कशी चालली होती ते कळतं. ‘आत्मवृत्त’ आलं तेव्हा बाया पन्नाशीच्या होत्या. त्यांचा शब्द छापून यायला आणखी २९ वर्षं जावी लागली, आणि तोवर वाचकांपुढे त्या घराची एकच बाजू होती. बायांना दीर्घ आयुष्य लाभलं म्हणून आपल्याला दुसरी बाजू मिळाली. ज्या घरांत दुसऱ्या माणसाला तेवढं आयुष्य मिळालं नाही त्या घरांचं काय?

वाट पाहण्याची किंमत मोजलेलं एक पुस्तक तर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. गंगेची कावड घेऊन घरी परतल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहून काढला. बंडाची हकिकत छापण्यात धोका होता हे उघड आहे. पुस्तक निघालं १९०७ मध्ये, गोडसे भटजी गेल्यानंतर, आणि तेही वैद्यांनी भाषेवरून हात फिरवून, काही भाग गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यांचे उपकार मोठे आहेत, त्यांच्यामुळेच हे लिहिलं गेलं. तरी मन हळहळतं. या भिक्षुकाने झाशीत जे पाहिलं त्यावर त्याला एकही प्रश्न विचारणारा वाचक त्याच्या हयातीत मिळाला नाही. ‘भटजी, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत की नंतर ऐकलंत?’ एवढा एक प्रश्न जरी कुणी पानापानावर विचारला असता, तरी इतिहासकारांचे कितीतरी वाद तिथेच मिटले असते.

आठवण बदलते, हा आक्षेप अशा लिखाणावर नेहमी घेतला जातो, आणि तो खरा आहे. १९३२ मध्ये फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माणूस ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना तिला आपल्या ओळखीचं वळण देतो, अनोळखी तपशील गाळतो, आणि आपण असं केलं याची त्याला जाणीवही नसते. पण या आक्षेपावरचा उपाय लिहिणं थांबवण्यात नाही. आठवण लवकर उघडी करावी आणि दुसऱ्याच्या आठवणीला घासून पाहावी, यात आहे. आमच्या लोकांकडे त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं साधन आहे, ते म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली वर्षं. पुण्याचा माणूस पानशेतच्या पुरावरून, १२ जुलै १९६१ वरून, आधीचं आणि नंतरचं सांगतो. मराठवाड्यात आणि देशावर बहात्तरचा दुष्काळ आहे, खडी फोडायला गेलेले दिवस आणि घरात शिरलेली मिलो ज्वारी आहे. लातूर-उस्मानाबादकडे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आहे. वडिलांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी तारीख अर्ध्या महाराष्ट्राला वाटली तीच. जन्माच्या बाबतीत कागद काही सांगत नाही. पण माझ्या आत्याला पक्कं आठवतं की तिचा धाकटा मुलगा कोयनेचा भूकंप झाला त्या आठवड्यातला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मुंबईसुद्धा हलली होती, आणि रात्रपाळीची माणसं साचे सोडून बाहेर पळाली होती, असं तिने माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. अशा एका आठवणीला दुसरी आठवण खिळते, दोन्हींना तारीख मिळते, आणि घरातली गोष्ट तपासता येण्याजोगी होते. हे काम माणसं हयात असताना, समोर बसूनच करावं लागतं.

पहिला भाग मी गावी काकूला वाचून दाखवला तेव्हा याचा प्रत्यय आला. वडील गावी दरमहा मनिऑर्डर करत, हे घरात सर्वांना पाठ असलेलं वाक्य मी लिहिलं होतं. काकूने पूर्ण ऐकून घेतलं. मग आतून पत्र्याचा डबा आणला. मनिऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहायची जी चिठ्ठी असायची ती पोस्टमन पैसे देताना फाडून देई. त्या चिठ्ठ्या तिने वर्षानुवर्षं जपून ठेवल्या होत्या. “ते कागद माझ्याकडे आसत, तू कधी इचारलंसच नाय,” ती म्हणाली. त्या चिठ्ठ्यांवर तारखा आहेत, रकमा आहेत, आणि मधले कोरे महिने आहेत. बदलीची नोकरी म्हणजे काम लागेल त्या दिवसाचा पगार. त्या कोऱ्या महिन्यांत गावच्या घराने काय केलं, हे काकूच सांगू शकत होती आणि तिने सांगितलं. कुणाकडून भात उसनं आणलं, कुठला फणस आणि किती काजू विकले, दिवाळीला बोनस झाल्यावर मागचं कसं फेडलं. चाकरमान्यांनी कोकण पोसलं असं आपण म्हणतो. कोकणातल्या बायकांनी गिरणीच्या बदली कामगाराला किती वेळा पोसलं, त्याचा हिशेब त्या डब्यात आहे. सगळं पुरं झाल्यावर दाखवू म्हणून मी आणखी पाच-सात वर्षं घालवली असती तर तो डबा कुणीतरी भंगारात घातला असता.

तरीही हे मी सर्वांना सरसकट सांगू शकत नाही, कारण माझ्यापुढे फलटणच्या बेबीताई कांबळे आहेत. दुकानाच्या गल्ल्यावर बसून, सामान बांधायला आलेल्या रद्दीतलं वाचत वाचत त्यांनी आपल्या समाजाचं जिणं लिहिलं आणि लिहिलेल्या वह्या घरच्यांपासून, नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं १९८६ मध्ये. त्यांना कोणी म्हणालं असतं, ‘अर्धं झालंय ना, मग घरच्यांच्या हाती द्या’, तर त्या वह्यांचं काय झालं असतं, हे सांगायला नको. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं तेव्हा ते चाळिशीत होते, आई होती, समाज होता, नोकरी होती. आपल्या माणसांचा रागही त्यांनी ओढवून घेतला. त्यांनी पुस्तकात दगडू आणि दया असे स्वतःचेच दोन भाग करून एकाला बोलायला लावलं आणि दुसऱ्याला ऐकायला. लिहिणाऱ्याचा जीव किंवा मान धोक्यात असेल तर लपवणं हाच शहाणपणा आहे, आणि असं लपवून लिहिणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. मात्र ज्याला तो धोका नाही, माझ्यासारखा जो घरातला कर्ता पुरुष आहे आणि ज्याच्या शब्दाला घरात आधीच वजन आहे, त्याला लपवायला काहीच आधार नाही. त्याने लपवलं तर बाकीच्यांची बोलण्याची संधी तो हिरावून घेतो. कर्त्या माणसाने लिहिलेली पूर्ण, बांधलेली, छापलेली हकिकत समोर आली की घरातल्या बायका आणि धाकटी माणसं त्यात बदल सुचवत नाहीत. छान झालंय म्हणतात आणि कपाटात ठेवतात. निम्म्या, सुट्या पानांवर मात्र ती बोट ठेवतात.

सामान्य घराचा एवढा इतिहास कशाला, असं विचारणारे अजून भेटतात. आपल्याकडे कुलवृत्तांतांची मोठी परंपरा आहे. त्यांत गोत्र असतं, मूळ पुरुष असतो, शाखा असतात, मुलगे असतात. लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव, माहेर आणि मुलांची यादी असते आणि ती तिथेच संपते. शिवाय कुलवृत्तांत निघतात ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागद राखता आले त्यांचे. गिरणगावातल्या घरांना तो आधार नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्या मुलाखतींचा ग्रंथ इंग्रजीत २००४ साली आणला. त्यात कामगार आहेत, संघटनेचे कार्यकर्ते आहेत, शाहीर आहेत, बायका आहेत. ते काम मी वाचलं तेव्हा लिहायला बसण्याचं बळ मिळालं. आपल्या चाळीतला माणूस साक्षीदार म्हणून बोलू शकतो, आणि त्याच्या साक्षीवाचून मुंबईचा विसाव्या शतकाचा इतिहास लंगडा राहतो, हे मला त्या ग्रंथाने पटवलं. पण एका ग्रंथात मावतील तेवढीच माणसं मावतात. बाकीच्यांचं ज्याच्या त्याच्या घरातच लिहावं लागेल. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. ‘पुरं झाल्यावर’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

पहिला भाग वेगळा ठेवण्यामागे माझं आणखी एक कारण आहे, आणि त्याविषयी मला फार वाटतं. संपाचं काय झालं हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं तेही परळ नाक्यावर उभं राहिलं की दिसतं. त्यामुळे गिरणगावाविषयी कोणी काही लिहायला लागलं की सुरुवातीपासूनच सूर रडका होतो. वडिलांची साठ आणि सत्तरची दशकं रडकी नव्हती. पाळी सुटल्यावर भजनी मंडळ होतं, कामगार मैदानात कबड्डी होती, गणपतीची वर्गणी होती, बोनसच्या वाटाघाटींवर रात्रभर वाद होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरल्याचा अभिमान होता. एकट्या पुरुषांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, आणि बँकेच्या दारात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उभं राहताना त्यांना काय वाटलं असेल, हे लिहिण्याजोगं आहे. हे आयुष्य कुठल्या तरी पराभवाची पूर्वतयारी म्हणून जगलेलं नव्हतं. ते त्या माणसांनी त्या त्या दिवशी पुरेपूर जगलेलं होतं. म्हणून पहिला भाग १७ जानेवारीला संपतो, आणि तो तसाच, पुढच्या भागाची चाहूल न लावता, लोकांच्या हाती जाणार आहे.

प्रती काढताना पानांना रुंद समास ठेवला आहे. काकूच्या म्हणण्याप्रमाणे मनिऑर्डरचं प्रकरण नव्याने लिहिलं, आणि वडील सांगायचे ते वाक्यही तिथेच राहू दिलं, दोघांच्या नावानिशी. धाकट्या भावाने चाळीतल्या एका भांडणाची हकिकत निराळीच सांगितली आहे; ती त्याच्या शब्दांत शेवटी जोडली. आईला वाचवत नाही, म्हणून तिला बहीण वाचून दाखवते आहे आणि तिचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करते आहे. आईने अजून लग्नाच्या प्रकरणापलीकडे जाऊ दिलेलं नाही, कारण त्यात बरंच राहून गेलंय असं तिचं म्हणणं आहे.

वडिलांच्या खात्यातले दोघे कणकवलीच्या बाजूला आहेत. संप लांबल्यावर ते गावी गेले आणि परत आलेच नाहीत. गणपतीला जाईन तेव्हा त्यांच्यासाठी प्रती नेतो आहे. त्यांनी पहिला भाग वाचून काय ते बोलावं, आणि मग त्यांना विचारायचं आहे की वाण्याची उधारी कशी मिटवली, खानावळवालीचे राहिलेले पैसे कुणी पोचवले, गावच्या जमिनीत भावांनी पुन्हा सामावून घेतलं का, आणि गिरणीतून शेवटचा हिशेब घ्यायला ते दोघे मुंबईला आले होते की नाही.